३९.९४

आधी कबुली देऊन टाकते म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. मे महिन्यात मी सायकलवरून पडले आणि कॉलर बोन मोडलं हे ओळखीच्या सगळ्यांना माहितीये, कशी पडले ते मात्र प्रत्येकाला वेगळं माहितीये. ऑफिसात सांगितलं कुत्रं आडवं आलं. आईला सांगितलं पावसात घसरले. सायकलच्या ग्रुपवर टाकलं चेंबरचं झाकण. शेजारच्या काकूंना वाटतं रिक्षावाल्याने उडवलं, पण ते मी नाही सांगितलेलं, त्यांनीच ठरवलं, मी फक्त दुरुस्त केलं नाही.

खरं काय तर मी ३९.६ चे ४० करत होते.

सायकलवाल्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते, हा एक आजार आहे. सायकलला एक छोटं मीटर लावलेलं असतं, ते किती किलोमीटर झाले ते दाखवतं, आणि राईड संपवून घरी पोचताना तिथे ३९.६ दिसलं की माणूस घरात शिरत नाही. सोसायटीभोवती येड्यासारखा फेऱ्या मारतो. स्ट्राव्हावर, म्हणजे राईड नोंदवायच्या अ‍ॅपवर, ४०.० दिसलं पाहिजे, त्याशिवाय आंघोळ गोड लागत नाही. मी एका गृहस्थांना पार्किंगमधे खांबाभोवती गोल गोल फिरताना पाहिलंय, वय वर्षं साठ, ९९.१ झाले होते त्यांचे.

तर २५ मे २०२५, रविवार. पाऊस त्या वर्षी किती लवकर आला आठवत असेल, २४ तारखेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात, आणि पुण्यात तर त्याच्याही आधीपासून रोज काही ना काही पडतच होतं. आम्ही चौघीजणी पहाटे निघालो, कर्वेनगर, वारजे, शिवणे, उत्तमनगर, एनडीएचं गेट आणि पुढे कुडजे, आगळंबे. हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको, एका बाजूला खडकवासल्याचं पाणी, दुसरीकडे डोंगर, आणि ढग असे खाली आलेले की लायटी लावून चालवत होतो. चढ चढलो, ओला उतार उतरलो, वाटेत शेण, माती, एक म्हैस, सगळं पार केलं. परत येताना वारज्यात ट्रकांच्या मधून वाट काढली. कुठ्ठे काही झालं नाही. आणि घरापासून दीडशे मीटरवर, जिथे माझी लेक तीन वर्षांची असताना तीन चाकी चालवायची त्या गल्लीत, ताशी पंधराच्या स्पीडने, मी पडले.

गल्लीच्या वळणावर चेंबरचं झाकण आहे. रस्त्यावर दर दोन वर्षांनी डांबराचा नवा थर येतो आणि झाकण आहे तिथेच राहतं, त्यामुळे आता ते चांगलं चार बोटं खाली गेलंय, छोटा हौदच. हे मला माहिती होतं. बारा वर्षं राहतीये मी तिथे. पण मी रस्त्याकडे बघतच नव्हते ना, मी मीटरकडे बघत होते. ३९.९१, ३९.९२, ३९.९३. पुढचं चाक तिरकं त्या खड्ड्यात उतरलं, आत ओलं लोखंड, ओल्या लोखंडाला पकड ती काय असणार, चाक सटकलं आणि मी डाव्या खांद्यावर. हात टेकायलाही वेळ मिळाला नाही. आवाज आला. लोक विचारतात खरंच ऐकू येतं का, हो येतं, ऊस मोडल्यासारखा, आणि तो कानाने ऐकू येत नाही, आतून येतो.

मीटर ३९.९४ वर थांबलं होतं. रस्त्यात पडल्या पडल्या मी पहिलं ते बघितलं. हे आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. आज इथे वाचेल.

पुढचं हॉस्पिटल वगैरे फार सांगत बसत नाही, सगळ्यांनी बघितलेलं असतं. एक्स-रेत हाड मधोमध मोडून एक टोक दुसऱ्यावर चढलेलं. कॉलर बोन म्हणजे आई ज्याला हासळी म्हणते ते, गळ्याखालचं आडवं हाड. ते सरळ नसतं, इंग्रजी एससारखं वळलेलं असतं आणि मधेच सगळ्यात नाजूक असतं, म्हणून खांद्यावर पडलं की बहुतेक वेळा मधेच मोडतं. डॉक्टर छान समजावून सांगणारे होते. म्हणाले, पोटात असताना सगळ्यात आधी तयार व्हायला लागतं ते हे हाड, आणि पूर्ण पक्कं सगळ्यात शेवटी होतं, विशी उलटल्यावर. म्हटलं डॉक्टर माझी विशी उलटून चोवीस वर्षं झाली, आता काय करायचं ते सांगा.

पर्याय दोन. ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू, नाहीतर हात पाऊचमधे अडकवून गप्प बसायचं. हाड दोन सेंटिमीटरच्या वर आखूड झालं असेल किंवा टोक आतून कातडीला टोचत असेल तर प्लेटचा विचार करतात, माझं जेमतेम सव्वा सेंटिमीटर, त्यामुळे ते म्हणाले तुम्हीच ठरवा. मी पाऊच घेतला. धाडस नाही, ऑपरेशनची भीती. माझ्या मावसभावाला लहानपणी याच हाडासाठी पाठीवरून आठच्या आकड्याचा पट्टा बांधला होता, काखेत काचून काचून रडायचा बिचारा, मला वाटलं आपल्यालाही तोच. पण आता बहुतेकदा साधा पाऊचच देतात, निकालात फार फरक पडत नाही म्हणाले.

आता खरं सांगते, दुखणं हा यातला छोटा भाग आहे. पहिले आठ-दहा दिवस दुखतं, शिंक आली तर देव आठवतो, आडवं झोपता येत नाही म्हणून पाठीशी चार उश्या लावून बसूनच झोपायचं, आणि कूस बदलली की आत हाडाची टोकं एकमेकांना घासल्याचं कळतं. पण त्याची सवय होते. सवय होत नाही ती परावलंबी असण्याची. डावा हात बांधलेला, उजवा मोकळा, मला वाटलं होतं काय, उजवा तर आहे. तर एका हाताने काय काय येत नाही बघा. केस बांधता येत नाहीत. ब्राचा हुक लावता येत नाही. पोळी लाटता येत नाही, काकडी चिरता येत नाही कारण ती पळते, टूथपेस्टचं टोपण उघडता येत नाही, दुधाची पिशवी कापता येत नाही. दीड महिना मी नवऱ्याचे पुढून बटणं असलेले शर्ट घालून घरून काम केलं आणि व्हिडिओ कॉलवर एकीने विचारलं, नवीन फॅशन का?

केसांचं काम नवऱ्याकडे आलं. या माणसाने आयुष्यात कधी वेणी घातलेली नाही, लेकीचीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी त्याने जे केलं त्याला वेणी म्हणता येणार नाही, गाठ म्हणता येईल. लेक मागे उभी राहून सूचना देतीये, बाबा तीन भाग कर, अरे तीन, हे दोनच आहेत. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याला जमायला लागलं, आणि चौथ्यात तो चक्क सागरवेणीचे व्हिडिओ बघताना सापडला. मला मनापासून वाटायला लागलं होतं की हाड जरा सावकाश जुळलं तरी चालेल.

आई साताऱ्याहून आली ती नाचणीचं सत्त्व, डिंकाचे लाडू आणि हळिवाचे लाडू घेऊनच. शिवाय कुणीतरी दिलेली हाडजोडी, म्हणजे कांडवेल, तिच्या चौकोनी कांड्या वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याची चटणी करून खा म्हणे. घशाला अशी खाज सुटली की हाड विसरले. गावाकडचा एक हाडवैद्यही सुचवून झाला, तो जुळत आलेलं हाड परत मोडून नीट बसवतो म्हणे, मी म्हटलं आई, मोडायचं काम माझं मी केलंय. लाडू मात्र सगळे संपवले. व्हिटॅमिन डी तपासलं तर ११ निघालं, म्हणजे फारच कमी. उन्हात सायकल चालवणाऱ्या बाईचं ११! डॉक्टर म्हणाले तुम्ही उन्हात चालवतच नाही, पहाटे जाता आणि ऊन यायच्या आत परत येता, तेसुद्धा पूर्ण बाह्यांचं घालून. बरोबरच होतं.

आईचं सायकलबद्दल एक मत आहे आणि ते पन्नास वर्षांत बदललेलं नाही. माझे बाबा खडकीला अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, रिटायर झाल्यावर दोघं साताऱ्याला गेले. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्या काळातले ते, फॅक्टरी सुटली की सायकलींचा लोंढाच्या लोंढा रस्त्यावर यायचा, आणि त्या लोंढ्यात बाबा. ऊन, पाऊस, थंडी, तीस वर्षं. तर आईच्या लेखी सायकल म्हणजे कामावर जायची वस्तू. ती मला म्हणाली, "ते फॅक्टरीत जायचे. तू कुठं जातेस?" म्हटलं आगळंब्याला. "तिथं काय आहे?" काही नाही. "मग?" मग परत येते. आई काही बोलली नाही, लाडू पुढे सरकवला. मला आजतागायत याचं उत्तर सापडलेलं नाही.

जुलै लागला तेव्हा मी सोफ्यावरची गोणी झाले होते. संध्याकाळी टूर द फ्रान्स ही सायकलची शर्यत बघायचे. तिसऱ्या स्टेजला, म्हणजे तिसऱ्या टप्प्याला, ७ जुलैला, यास्पर फिलिपसन पडला. बेल्जियमचा स्प्रिंटर, पहिली स्टेज जिंकलेला, अंगात गुणांत पुढे असणाऱ्याची हिरवी जर्सी, स्प्रिंटच्या धावपळीत धाडकन खाली. खांदा धरूनच उठला तो. मी सोफ्यावरून ओरडले, कॉलर बोन! नवरा किचनमधून धावत आला, त्याला वाटलं माझंच परत. थोड्या वेळाने बातमी आली, कॉलर बोनच, वर बरगडीपण. माझ्या पडण्याला त्या दिवशी सहा आठवडे पूर्ण झाले होते आणि त्याच आठवड्यात माझा पाऊच निघाला, त्यामुळे मला उगाच वाटायला लागलं की आमचं काहीतरी नातं आहे. म्हटलं बघू, कोण आधी.

त्याचं ऑपरेशन झालं. माझी फिजिओ सुरू झाली.

फिजिओथेरपीबद्दल लोक फार कमी बोलतात, हाड मोडलं आणि हाड जुळलं एवढंच सांगतात, पण मधला भाग हाच आहे आणि तो भयंकर कंटाळवाणा आहे. सहा आठवडे हात पोटाशी बांधून ठेवला की खांदा विसरूनच जातो आपण खांदा आहोत ते. पहिल्या दिवशी मला डावा हात समोर खांद्याच्या उंचीपर्यंतपण नेता आला नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना फ्रोझन शोल्डर व्हायची भीती जास्त म्हणून फिजिओ मॅडम हयगय करू देत नव्हत्या. टेबलाला टेकून वाकायचं आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडून हलवायचा. मग भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. आमच्या बेडरूमच्या भिंतीवर अजून पेन्सिलच्या खुणा आहेत, १२ जुलै, १५ जुलै, १९ जुलै, लेकीची उंची जशी दारावर मोजायचो तशी माझ्या बोटांची उंची. १९ ते २६ एक सूतसुद्धा वर गेले नाही. त्या आठवड्यात मी फिजिओ मॅडमवर, नवऱ्यावर, कुकरवर, सगळ्यांवर चिडले. मग दारावर अडकवलेली पुली, मग रबरी पट्टा, पिवळा, मग लाल. हिरवा पट्टा मिळाला त्या दिवशी मी ग्रुपवर फोटो टाकला, बाकीच्या ब्रेव्हेच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या राईडच्या, मेडलचे फोटो टाकतात तसा.

सायकल तोपर्यंत गॅलरीत चादर पांघरून उभी होती. शेवटी नवऱ्याने ती दुकानात नेली. आमचे सायकलवाले काका फारसं बोलत नाहीत, त्यांनी चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले पुढच्याला आउट आहे, काढून देतो, म्हणजे चाक जरा वाकडं फिरत होतं. डावा ब्रेक लिव्हर आत वळलेला, हँडलची टेप फाटलेली, बास. मला जरा अपमानच वाटला, माझं हाड मोडलं आणि हिची टेप फाटली फक्त. हेल्मेट मात्र गेलं. बाहेरून बघितलं तर एक ओरखडा, आतला थर्माकोल डाव्या कानाच्या वर उभा चिरला होता. पडताना डोकं आपटल्याचं मला आठवतही नाही. ते थर्माकोल एकदाच दबतं, दबताना धक्का खातं आणि संपतं, परत वापरायचं नसतं. जे लोक म्हणतात गल्लीत फिरायला कशाला हेल्मेट त्यांच्यासाठी मी ते जपून ठेवलंय, घरी आलं की दाखवते, लग्नाच्या अल्बमसारखं.

मधे होम ट्रेनर झाला. मागचं चाक त्या स्टँडवर चढवायचं आणि बेडरूममधे जागच्या जागी पेडल मारायचं. बाहेर धो धो पाऊस, आत मी घामाने निथळतीये, डाव्या हातावर भार द्यायचा नाही म्हणून सरळ ताठ बसून, कीर्तनाला बसल्यासारखी. मीटर चालू होतं. एकदा २० व्हायला शंभर मीटर बाकी असताना लाईट गेले आणि पंखा बंद पडला, तरी मी उतरले नाही. नाही म्हणजे, शिकले काहीच नाही हे लक्षात आलं माझ्या.

१७ ऑगस्टला बारा आठवडे झाले. एक्स-रेत मोडलेल्या जागी ढगासारखं पांढरं जमलेलं दिसत होतं, डॉक्टर म्हणाले छान जुळलंय, चालवा सायकल, फक्त पडू नका. गाठ राहील म्हणाले. राहिलीये. ब्लाऊजच्या गळ्यातून दिसते, शिंप्याने माप घेताना विचारलं सुद्धा. आणि २३ ऑगस्टला, पडल्यापासून सत्तेचाळिसाव्या दिवशी, यास्पर फिलिपसनने व्हुएल्टाची, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीची, पहिली स्टेज जिंकली, इटलीत, नोव्हाराला. सत्तेचाळिसाव्या दिवशी मी काय करत होते ते मी भिंतीवर जाऊन बघितलं. ११ जुलै. पहिली खूण १२ ची आहे. म्हणजे त्या दिवशी मला पेन्सिल धरायलासुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. असो, त्याला ऑपरेशन, मला डिंकाचे लाडू.

परवानगी मिळाली. आणि मी गेले नाही.

हे मला नीट सांगता येईल का माहिती नाही. मला वाटलं होतं परवानगी मिळाली की दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी खाली असेन. त्याऐवजी मी कारणं शोधायला लागले, आणि आपल्याकडे कारणांची काय कमी, कॅलेंडरच हाताशी असतं. ऑगस्टचा शेवट, पाऊस आहे, रस्ते ओले. २७ पासून गणपती, रस्त्यात मांडव, गर्दी, नको. ६ सप्टेंबरला विसर्जन झालं, लगेच पितृपक्ष, आई फोनवर म्हणाली पंधरवड्यात नवीन काही सुरू करू नये, एरवी आईचं एक ऐकत नाही पण हे मी आज्ञाधारक मुलीसारखं ऐकलं. मग नवरात्र, घट बसलेत, सकाळी पूजा. नवरा बघत होता, काही म्हणत नव्हता. ग्रुपमधल्या मैत्रिणी विचारायच्या रविवारी येतीयेस? मी सांगायचे खांदा अजून जरा. खांदा मस्त होता. मी तोवर डाव्या हाताने वरच्या फळीवरचे डबे काढायला लागले होते.

भीती मला वाटली तशी नव्हती. वाटलं होतं की पडल्याचा प्रसंग डोळ्यासमोर येईल वगैरे. तसं काही नाही. मला फक्त झाकणं दिसायला लागली. चालत जाताना, रिक्षातून जाताना, नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसलेली असताना, झाकण, झाकण, जाळी, झाकण. आमच्या गेटपासून कर्वे रोडपर्यंत एकतीस आहेत, मी मोजलीत. स्कूटर प्रत्येकावरून गेली की माझी डावी मूठ आपोआप आवळायची. पुणं एवढ्या झाकणांवर उभं आहे हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

दसरा २ ऑक्टोबरला होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आई परत आली होती आणि तिने स्कूटर, गाडी, शिलाई मशीन, पाटा वरवंटा सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, आणि मग चादर काढून माझ्या सायकललापण. हँडलला माळ बांधली. जिला सायकल कशासाठी ते कळत नाही तिने. म्हणाली, "पूजा केलेली वस्तू नुसती ठेवू नये." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी माळेसकट सायकल खाली आणली.

बाहेर नाही गेले. पार्किंगमधे. लेकीने पाण्याच्या चार बाटल्या ओळीत ठेवल्या आणि मी त्यांच्यामधून नागमोडी चालवायची होती. पहिल्याच बाटलीला धडकले. दुसऱ्यांदा परत पहिलीलाच. लेक म्हणाली आई तू बाटलीकडे बघतीयेस, जिकडे बघशील तिकडेच जाणार ना. तेरा वर्षांची आहे. हे मी स्वतः किती नवीन बायकांना शिकवलंय, खड्डा चुकवायचा असेल तर खड्ड्याकडे बघू नका, शेजारच्या रस्त्याकडे बघा, डोळे जातात तिकडे चाक जातं. आणि मी चार महिने काय केलं तर झाकणं मोजली. मान वर केली, भिंतीवरच्या मीटर बॉक्सकडे बघत चालवलं, चारही बाटल्या सुटल्या. मग पाच-सहा दिवस तेच, पार्किंगमधे आठचा आकडा, एका हाताने बाटली काढून पाणी पिणं, हे सगळ्यात अवघड गेलं कारण उजवा हात सोडला की सगळा भार डाव्यावर, आणि डाव्याचा माझ्यावर विश्वास नव्हता. वॉचमन दादा खुर्ची टाकून बघायचे. एक नशीब, आपल्याकडे मागची गाडी बघायला उजव्या खांद्यावरून वळावं लागतं, माझा मोडका डावा. नाहीतर मान वळवणं अजून महिनाभर लांबलं असतं. तरी काकांनी उजवीकडे छोटा आरसा लावून दिला, ग्रुपमधे हसले, हसू देत.

पहिल्यांदा रस्त्यावर गेले ती सात किलोमीटर. वारजे आणि परत. दिवाळीच्या आधीचा आठवडा, हवेत फटाक्यांचा वास सुरू झालेला. घरी आले तर डावा खांदा, मान, दंड, सगळं भरून आलं, वाटलं परत गेलं हाड. फिजिओ मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या हाताची मूठ दाखवा, अशी धरताय? हँडल धरलंय की गळा? एवढं घट्ट धरलं की कोपर ताठ होतं आणि रस्त्याचा प्रत्येक दणका सरळ खांद्यात जातो. उपाय सांगितला तो वेडगळ वाटला पण चालला, दर पाच मिनिटांनी हँडलवर बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवायची. बोटं हलतात म्हणजे मूठ सैल आहे. तेव्हापासून मी एनडीए रोडने पेटी वाजवत जाते. एका सिग्नलला एका दुचाकीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की बास.

मग बारा, मग अठरा, मग एक रविवार चक्क रडून परत आले, काही झालं नव्हतं, एक कुत्रं खरोखर आडवं आलं फक्त. मी वेळेत ब्रेक मारला, थांबले, कुत्रं गेलंपण, आणि मी पाय टेकून तिथेच हमसून हमसून रडतीये. ऑफिसात मारलेली थाप अंगावर चालून आल्यासारखं झालं. एका दूधवाल्याने थांबून विचारलं लागलं का ताई, म्हटलं नाही, तो म्हणाला मग? मला वाटलं आईच विचारतीये.

डिसेंबरात थंडी छान पडली आणि मी पहिल्यांदा ग्रुपबरोबर कुडज्याकडे गेले. पाणी तेच, डोंगर तेच, म्हैस बहुतेक तीच. मी सगळ्यात मागे होते, उतारावर तर इतकी मागे की बाकीच्या खाली थांबून चहा मागवून मोकळ्या. दोन्ही ब्रेक हळू हळू दाबत, बोटं हलवत, लांब बघत उतरले. चहा गार झाला होता. खूप छान होता.

परत येताना वारज्याला बाकीच्या पुढे गेल्या आणि मी एकटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले. मीटरवर २९.७.

सोसायटीचं गेट समोर. झाकण डावीकडे, वळणावर, होतं तिथेच, त्यात कालच्या टँकरचं पाणी. मी थांबले. खरंच घरी जाणार होते, पाय सुद्धा गेटकडे टाकला होता. मग सायकलवरून उतरले, मीटरचं आपोआप थांबायचं सेटिंग बंद केलं, आणि सायकल हातात धरून चालायला लागले. चाक फिरलं की मीटर मोजतं, वर बसलंय की नाही ते त्याला काय कळतंय. सोसायटीला चालत वळसा घातला. झाकणापाशी आले तेव्हा सायकल उजव्या बाजूने नेली, मी डावीकडून, झाकण आमच्या दोघींच्या मधे. २९.९४ ला जरा धस्स झालं. ३०.०१ ला गेटवर.

वॉचमन दादा उठून उभे राहिले, सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय ताई, पंक्चर?"

"हो," म्हटलं.